आमचा हवालदार
सातवीत सरांनी शिवरायांच्या घोडदळाची उतरंड फळ्यावर लिहिली : 25 बारगिरांवर एक हवालदार, 5 हवालदारांवर जुमलेदार. आम्ही लालबागकर हसलो. आमचा हवालदार भारतमाता सिनेमापाशी शिट्टी फुंकायचा! एक मैत्रीण मात्र हसली नाही. तिचे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते.

शिवकाळात गडाचा मुख्य अधिकारीही हवालदारच असे, हे मी खूप पुढे वाचले. इंग्रजांनी जुनी नावे वापरली, पण मान खाली आणला. केस पिकलेला सुभेदार मेजरही कोवळ्या गोऱ्या लेफ्टनंटला सलाम करी. आजच्या सैन्यात शिपाई, लान्स नायक, नायक, मग हवालदार, बाहीवर 3 फिती. त्याच्या वरच्या जमादाराचा 1965 मध्ये नायब सुभेदार झाला.

संमेलनाला ती येणार आहे. माझी माफी 30 वर्षे थकली आहे.