‘पुजारी राजा’ कोणी ठरवला?

कात्रजच्या आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी मुलांचा वर्ग भरतो. मागच्या वेळी प्राचीन संस्कृतींवरचे एक चित्रमय पुस्तक मुलांना दाखवत होते. मोहेंजोदडोच्या पानावर दाढीवाल्या पुतळ्याचे चित्र आणि खाली नाव, ‘पुजारी राजा’. चौथीतल्या मुलीने विचारले, “ताई, हे त्याच्यावर लिहिलेलं होतं का?”

नव्हते. १९२० च्या दशकातल्या उत्खननात सापडलेला तो पुतळा जेमतेम १७.५ सेंटिमीटर उंच आहे आणि त्यावर एक अक्षरही नाही. सिंधू लिपी अजून उलगडलेली नाही. खात्रीने मंदिर किंवा राजवाडा म्हणावा अशी इमारत तिथे मिळालेली नाही. मेसोपोटेमियात पुरोहित-राजे होते, तर इथेही असतील, या समजुतीतून हे नाव चिकटले. १०.५ सेंटिमीटरची कांस्यमूर्ती ‘नर्तकी’ झाली तीही अशीच. कमरेवर हात ठेवून उभी असलेली मुलगी नाचणारीच होती, याला पुरावा काय?

ही बाब क्षुल्लक नाही. मूल वाचण्याआधी चित्र पाहते. पहिल्याच पुस्तकात वर पुजारी आणि राजा, करमणुकीला नर्तकी दिसली, तर ही उतरंड साडेचार हजार वर्षांपासून आहे असे त्याच्या मनात बसते. पुढे कोणी जातिव्यवस्थेला ‘सनातन’ म्हटले की ते त्याला पटते. त्या शहराच्या झाकलेल्या गटारांचे कौतुक पुस्तकात असते. विटा भाजणारा, विहीर खोदणारा, गटार उपसणारा माणूस मात्र चित्रात नसतो.

आता आपल्या जिल्ह्यातल्या कार्ल्याला चला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या चैत्यगृहात ब्राह्मी लेख आहेत आणि ते वाचलेही गेले आहेत. धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, दरवाजाचे काम केले. तिथल्याच सिंहदत या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दरवाजाचे दान दिले. खांबांवर यवन दात्यांचे उल्लेख आहेत. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी भेटतात. आमच्या पुस्तकात कार्ल्याच्या चित्राखाली मात्र फक्त ‘सातवाहनकालीन लेणी’. जिथे नाव नव्हते तिथे पुजारी लिहिला. जिथे सुताराचे नाव कोरलेले आहे तिथे राजघराणे लिहिले!

यावर उपाय म्हणून तो पुतळा ध्यानस्थ बुद्धाचा आहे असे मुलांना सांगायचे का? आपल्यातले काहीजण तसे सांगतात. मला ते मान्य नाही. बुद्धांचा काळ त्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी येतो. इतिहासकाराने खरे आणि खोटे, निश्चित आणि संशयास्पद वेगळे करावे, ही कसोटी बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत पुढे ठेवली. केवळ परंपरा आहे किंवा ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असे बुद्धांनी कालामांना सांगितले. ही कसोटी इतरांना लावायची आणि स्वतःला सूट द्यायची, हे चालणार नाही.

मुलांनी त्या चित्राखाली कागदाची पट्टी चिकटवून लिहिले, ‘शाल पांघरलेला माणूस. कोण होता, अजून माहीत नाही.’ पुढच्या रविवारी ती सामी सुताराचे चित्र काढणार आहेत. तुमच्या घरातल्या पुस्तकांतही चित्राखालची नावे एकदा तपासा, आणि मुलांना कार्ल्याला न्याल तेव्हा ते लेख नक्की दाखवा.

जय भीम!