मुक्काम आष्टी, मुक्काम गाविलगड

गेल्या वर्षी सहावीच्या वर्गात मराठीचा तास चालू असताना एका मुलाने मध्येच विचारले, "टीचर, आपण इथले की बाहेरून आलेले?" धड्याशी त्याचा काही संबंध नव्हता. बाहेर कुठेतरी काहीतरी ऐकून आला असणार. मी "इथलेच" म्हणाले आणि पुढची ओळ वाचायला सांगितली. उत्तर चूक नव्हते, पण घाईचे होते.

डिसेंबरात आम्ही नवरा-बायको गाडीत तंबू, सतरंज्या आणि स्टोव्ह टाकून मेळघाटात गेलो. नातेवाइकांनी विचारले, लॉज मिळत नाहीत का? मिळतात, पण आम्हाला रस्ता हळूहळू बघायचा होता. वर्ध्याहून चिखलदऱ्याला जाणारे बरेच जण पुलगाव, अमरावती असे जातात. आम्ही आर्वी, आष्टीवरून मोर्शीकडे गेलो.

आष्टी आपल्या जिल्ह्यात 1942 च्या हुतात्म्यांमुळे ओळखली जाते, गावाच्या नावापुढे 'शहीद' लागते ते त्यामुळेच. पण त्याच गावात मुघल धाटणीचे दोन मकबरेही आहेत आणि वर्ध्यातल्या शिकलेल्या मुसलमानांनाही ते फारसे माहीत नसतात. मोठा मकबरा मुहम्मद खान नियाझीचा. हा अफगाण सरदार, जहांगीर बादशहाने त्याला आष्टी, आमनेर, पवनार आणि तळेगाव हा मुलूख जहागीर दिला. तो 1627 मध्ये वारला, जहांगीर गेला त्याच वर्षी. शेजारचा लहान मकबरा त्याच्यानंतरच्या अहमद खानाचा, 1651 चा. त्याचे काम तितके सफाईदार नाही.

इंग्रजी गॅझेटियरमध्ये मुहम्मद खानाबद्दल जे लिहिले आहे ते लढायांचे नाही. त्याने हा ओसाड पडलेला भाग पुन्हा लागवडीखाली आणला, असे लिहिले आहे. मला ते वाचून बरे वाटले होते, हे कबूल करते. मात्र जमीन कसली ती कुणब्यांनी, सरदाराने फार तर वसाहत करवली, सारा ठरवला. आपण कबरीसमोर उभे राहिलो की नांगर धरणारा माणूस विसरतो. आणि नियाझी होता तर बाहेरचाच! पण त्याची कबर इथे आहे, काबूलला नाही.

पुढे वर्धा नदी ओलांडली. आज पलीकडे फक्त अमरावती जिल्हा लागतो, पण एकेकाळी ही राज्यांची सीमा होती. 17 डिसेंबर 1803 च्या देवगावच्या तहात नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. इंग्रजांनी तो आपला दोस्त हैदराबादचा निजाम याला दिला. पन्नास वर्षांनी, 1853 मध्ये, कर्ज आणि फौजेच्या खर्चापोटी निजामाकडून वऱ्हाडचा कारभार काढूनही घेतला.

पहिली रात्र मोर्शीजवळ ओळखीच्या शेतकऱ्याच्या संत्र्याच्या बागेत काढली. तंबू उभा करायला पाऊण तास लागला आणि त्यात आमची दोनदा भांडणे झाली. मुलांचे अब्बू म्हणाले, तुझ्या विषयाचे नावच छावणी आहे, तुला हे यायला हवे. खरे आहे, 'उर्दू' हा मूळ तुर्की शब्द, अर्थ छावणी. कनात, शामियाना, मुक्काम हे शब्दही फौजांबरोबर फिरत आले आणि मराठीत राहिले. कोणाच्याही पत्रावर 'मु. पो.' लिहिलेले असते, त्यातला 'मु.' अरबीतून आलेला आहे, हे लिहिणाऱ्याच्या मनातही नसते.

दुसऱ्या दिवशी अचलपूर, परतवाडा करून घाट चढलो. गाविलगड चिखलदऱ्याला लागूनच आहे आणि आज तो व्याघ्र प्रकल्पात येतो. फिरिश्ता लिहितो की अहमदशहा बहमनीने 1425 मध्ये हा किल्ला बांधला. पुढे 1488 मध्ये फत्हुल्लाह इमादुल्मुल्कने त्याची दुरुस्ती केली आणि 1490 मध्ये हाच माणूस वऱ्हाडच्या इमादशाहीचा पहिला सुलतान झाला. फिरिश्ताच्या म्हणण्याप्रमाणे तो विजयनगरच्या मुलखातल्या हिंदू घराण्यात जन्मला, लढाईत लहानपणी पकडला गेला आणि वऱ्हाडच्या सुभेदाराकडे मुसलमान म्हणून वाढला. मुले पकडून नेणे हा त्या काळातल्या युद्धाचा भाग होता, त्याला गोड रंग देण्याचे कारण नाही. पण शार्दूल दरवाजाखाली उभे राहून वर पाहिले की वाघ दिसतात आणि हत्ती पकडलेला दोन तोंडांचा पक्षी, गंडभेरुंड. विजयनगरच्या नाण्यांवर हाच पक्षी आहे. आत थोडे चालून गेले की मोठी मशीद. दरवाजा मुसलमानी की हिंदू, असे विचारायला शब्दच कमी पडतात.

या गडाची शेवटची मोठी लढाई 15 डिसेंबर 1803 ची. त्याआधी कर्नल स्टीव्हनसनच्या फौजेने डोंगरातून तोफा ओढत उत्तरेच्या लबाड्याच्या बाजूला आणल्या, वेलस्ली दक्षिणेला तळ देऊन होता. तीन दिवसांत तटाला खिंडार पडले. आत भोसल्यांचा राजपूत किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. बाहेर इंग्रजांबरोबर निजामाची फौज होती. आणि त्याआधी पंधरा दिवस, 29 नोव्हेंबरला, अडगावच्या मैदानात भोसल्यांच्या बाजूने इंग्रजी पलटणींवर चालून जाऊन कापले गेले, त्यांना ग्रँट डफ अरब म्हणतो. म्हणजे मुसलमान दोन्हीकडे होते. यात 'आपली' बाजू मी त्या मुलाला कोणती सांगू?

रानात कुठेही तंबू ठोकता येत नाही, ते बरोबरच आहे. दुसरी रात्र चिखलदऱ्यात एका घराच्या अंगणात भाड्याने जागा घेऊन काढली. थंडी एवढी की पहाटे वजू करताना बोटे बधिर झाली. सकाळी चहाच्या टपरीवर दोन कोरकू बायका आपसात बोलत होत्या, मला एक शब्द कळला नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, तिचे नाते मराठीशी नाही आणि उर्दूशीही नाही. मेळघाट 1974 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि पुढे कोहा, कुंड, बोरी ही कोरकू गावे जंगलातून बाहेर हलवली गेली. बहमनी, मुघल, भोसले, निजाम, इंग्रज, वनखाते, सगळे त्यांच्या डोंगरात नंतर आले. मुहम्मद खान नियाझी आणि त्याच्या जहागिरीतला कुणबी, दोघेही इथे बाहेरचेच ठरतील.

त्यातली एक मराठीत म्हणाली, "कुठून आले तुम्ही, बाई?"

"वर्ध्याहून."

"म्हणजे नदीच्या तिकडचे," ती म्हणाली, आणि बाकड्यावर सरकून आम्हाला जागा करून दिली.