शिंदे सरकारची ‘लॉयल्टी’: एका इस्पितळी आगबोटीची हकीकत

दर वर्षी ५ एप्रिल जवळ आला, की राष्ट्रीय सागरी दिनाची माहिती आपल्या मोबाइलवर फिरू लागते. १९१९ साली याच दिवशी ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून १९६४ पासून हा दिवस पाळला जातो. त्या मजकुरात एक छोटे वाक्य बहुतेक वेळा असते: बोट ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतली होती. वाचणारा तेवढे वाचून पुढे जातो. उज्जैनच्या मराठी घरांनी मात्र इथे थोडे थांबायला हवे, असे आम्हाला वाटते. उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते, आणि महाराजांकडे ही बोट आली ती व्यापारासाठी नव्हे, तर पहिल्या महायुद्धात आजारी आणि जखमी शिपायांना आणण्यासाठी. चार वर्षे तिने तेच काम केले. सागरी दिनाच्या गजरात नेमकी तीच चार वर्षे गळून जातात.

आधी एक गैरसमज दूर करू. ही बोट हिंदुस्थानात बांधलेली नव्हती आणि ग्वाल्हेर दरबारनेही ती बांधून घेतली नव्हती. इंग्लंडमधल्या बॅरो या गावच्या गोदीत ती तयार झाली आणि ३० ऑगस्ट १८९० रोजी पाण्यात उतरली. मालक होती कॅनेडियन पॅसिफिक ही रेल्वे कंपनी, आणि बोटीचे नाव होते ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. ‘जपान’ आणि ‘चायना’ या नावांच्या तिच्या दोन बहिणी होत्या. लांबी सुमारे ४८५ फूट, नोंदणीकृत क्षमता ५,९०५ टन, दोन धुराडी, तीन डोलकाठ्या, पाण्याखाली दोन पंखे, वेग १६ नॉट, आणि अंगाला शुभ्र पांढरा रंग. हाँगकाँगहून शांघाय, नागासाकी, कोबे, योकोहामा करत व्हँकुव्हरला जायचे आणि तिथे कंपनीच्याच आगगाडीला प्रवासी व टपाल द्यायचे, हा तिचा नेम. टपालासाठी ब्रिटिश सरकार पैसे देई, आणि युद्ध झाले तर या बोटींवर तोफा चढवता याव्यात अशी तजवीज बांधतानाच केलेली होती. म्हणजे युद्धाचा विचार तिच्या जन्मापासून तिच्याबरोबर होता.

तिच्या प्रवाशांपैकी दोघांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १४ जुलै १८९३ रोजी ती योकोहामाहून निघाली तेव्हा बोटीवर शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला निघालेले स्वामी विवेकानंद होते. पुरेसे गरम कपडे जवळ नसल्याने त्या सफरीत त्यांना थंडीचा फार त्रास झाला. २५ जुलैला ते व्हँकुव्हरला उतरले. त्याच बोटीवर जमशेटजी टाटाही होते. पुढे १८९८ च्या आपल्या पत्रात टाटांनी स्वामीजींना या सहप्रवासाची आठवण दिली, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. टाटा जपानला कशासाठी गेले होते, हे मात्र कमी सांगितले जाते. मुंबईहून पूर्वेकडे जाणाऱ्या कापसाच्या आणि सुताच्या वाहतुकीवर पी अँड ओ या इंग्रज कंपनीची पकड होती. ती मोडायला जपानी बोट कंपनीशी बोलणी करावीत, म्हणून टाटांची ती खटपट होती. इंग्रज बोट कंपन्यांशी झगडणारा माणूस ज्या बोटीवर बसला होता, तीच बोट सव्वीस वर्षांनी त्याच झगड्यात उतरली. योगायोगच म्हणायचा, पण असा योगायोग कादंबरीत लिहिला तर वाचक विश्वास ठेवणार नाही.

१९०३ च्या ऑगस्टमध्ये हाँगकाँगजवळ तिची एका चिनी क्रूझरशी टक्कर झाली आणि ती क्रूझर बुडाली. ही एक गोष्ट सोडली तर तेवीस वर्षांची तिची नोकरी टपाल आणि प्रवासी यांतच गेली.

महाराज आणि दरबार

माधवराव शिंदे यांचे नाव आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. नानाखेड्याहून शहरात शिरले की माधवनगर, माधव महाविद्यालय ही नावे भेटतातच. (घरात आपण ‘शिंदे सरकार’ म्हणतो आणि बाहेर पडलो की ‘सिंधिया’. या लेखातही दोन्ही नावे येतील, त्याला इलाज नाही.) जयाजीरावांच्या मागे १८८६ मध्ये ते लहान वयातच गादीवर आले आणि १९२५ मध्ये पॅरिसमध्ये वारले. यंत्रांची, आगगाड्यांची आणि लष्कराची त्यांना मनापासून हौस होती. १९०० साली चीनमध्ये बॉक्सर बंड झाले तेव्हा त्यांनी ‘ग्वाल्हेर’ नावाची इस्पितळी बोट सज्ज करून दिली आणि स्वतःही त्या मोहिमेवर गेले. त्यामुळे १९१४ ची कल्पना एकाएकी सुचलेली नव्हती. चौदा वर्षांपूर्वी हा प्रयोग करून झालेला होता.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले. संस्थानिकांनी देऊ केलेल्या मदतीची यादी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनी तारेने लंडनला कळवली आणि ९ सप्टेंबरला ती पार्लमेंटात वाचली गेली. काही दरबार मिळून फौजांसाठी एक इस्पितळी बोट देणार असून तिचे नाव ‘लॉयल्टी’ असेल, हा त्या यादीतलाच एक मुद्दा. पुढाकार ग्वाल्हेरचे महाराज आणि भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ यांचा होता. म्हणजे बोटीला नाव आधी मिळाले आणि बोट मागाहून.

त्या नावाचा अर्थ राजनिष्ठा, आणि ती निष्ठा इंग्रज बादशहाशी, हे लपवण्यात अर्थ नाही. आज ते नाव वाचताना आपल्याला थोडे अवघड वाटते. संस्थानिकांना बादशहाची मर्जी हवी होती, हे खरेच. पण ज्यांच्यासाठी बोट घेतली ते शिपाई आपल्याच मुलखातले होते, आणि त्यांना परत आणणारे कोणीतरी असणे गरजेचे होते, हेही तितकेच खरे. यांपैकी एकच बाजू सांगणारा लेख आम्हाला लिहायचा नव्हता.

डिसेंबर १९१४ मध्ये महाराजांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ विकत घेतली. मुंबईत तिच्यात इस्पितळाची सोय केली गेली आणि १९ जानेवारी १९१५ रोजी तिचे ‘लॉयल्टी’ असे नामकरण झाले.

इस्पितळी बोट म्हणजे काय

युद्धात प्रवासी बोटीला तीन प्रकारची कामे लागत. तोफा चढवून तिला लढाऊ करायचे, किंवा तिच्यातून फौज न्यायची, किंवा तिचे इस्पितळ करायचे. शत्रूच्या किनाऱ्यावर पायदळ उतरवण्यासाठी लहान होड्या अंगावर टांगून नेणारी खास जहाजे पुढे दुसऱ्या महायुद्धात आली. १९१४ मध्ये ती नव्हती. नसल्याने काय होते, हे ग्वाल्हेरच्या पलटणीनेही पाहिले. नोव्हेंबर १९१४ च्या पहिल्या आठवड्यात पूर्व आफ्रिकेत टांगा या जर्मन बंदरावर सुमारे आठ हजारांची फौज चालून गेली. तीत ग्वाल्हेर संस्थानाच्या तिसऱ्या पायदळ पलटणीची अर्धी तुकडी होती. साध्या प्रवासी बोटींतून गेलेली, अनेक दिवसांच्या समुद्रप्रवासाने बेजार झालेली ती माणसे पडावांतून किनाऱ्याकडे नेली गेली. पुढे चढाई फसली, आणि ५ नोव्हेंबरला सगळ्यांना पुन्हा बोटींवर चढवून माघार घ्यावी लागली.

इस्पितळी बोटीला १९०७ च्या हेग कराराचे नियम लागू होते. अंग पांढरे, त्यावर आडवा पट्टा: सरकारी बोटीचा हिरवा, खासगी देणगीतून सज्ज केलेल्या बोटीचा लाल. रेडक्रॉसचे निशाण लावणे बंधनकारक होते. बोटीवरून लढणारे सैनिक, दारूगोळा काहीही न्यायचे नाही, आणि शत्रूने तपासणी मागितली तर ती द्यायची. या बदल्यात शत्रूने तिच्यावर हल्ला करायचा नाही. आपली बोट आधीपासून पांढरीच असल्याने रंगाऱ्यांचे काम थोडे कमी झाले असेल!

आतली मांडणी मात्र साफ बदलावी लागे. प्रवासी बोटीत खोल्या असतात, इस्पितळाला लांबलचक वॉर्ड लागतात. शस्त्रक्रियेची खोली, औषधांचा साठा, मलमपट्टी उकळण्याची सोय, साथीच्या रोग्यांसाठी वेगळा भाग, आणि वेगवेगळ्या जातिधर्मांच्या शिपायांसाठी निरनिराळी स्वयंपाकघरे व पाणी. हा शेवटचा मुद्दा त्या काळी अजिबात किरकोळ नव्हता.

शिपायांना कुठून आणायचे होते? हिंदुस्थानी फौजा तेव्हा फ्रान्स, पूर्व आफ्रिका, इजिप्त आणि मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, अशा चार दिशांना पांगल्या होत्या. फ्रान्समधले हिंदुस्थानी पायदळ १९१५ च्या अखेरीस तिथून काढले गेले, आणि त्यानंतर सर्वांत मोठा भार मेसोपोटेमियाचा झाला. तिथे मराठा पलटणी मोठ्या संख्येने होत्या. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी तर कुतच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ मध्ये पडलेला तो वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला.

त्या आघाडीवर गोळीपेक्षा रोगाने जास्त माणसे आडवी केली. उष्माघात, आमांश, पटकी, आणि ताज्या भाजीपाल्याअभावी हिंदुस्थानी शिपायांत पसरलेला स्कर्व्ही, म्हणजे हिरड्या सुजून रक्त येण्याचा विकार. जखमींना नदीतून बसऱ्यापर्यंत आणायला पुरेशा होड्या नव्हत्या. नोव्हेंबर १९१५ च्या टेसिफोनच्या लढाईनंतर जखमी शिपाई दिवसेंदिवस उघड्या पडावांवर दाटीवाटीने पडून राहिले. त्यावर ओरड झाली, चौकशी आयोग नेमला गेला, आणि १९१७ मधला त्याचा अहवाल वाचून इंग्लंड हादरले. त्यातच मोठ्या बोटींना शत्-अल-अरब नदीच्या मुखाशी असलेल्या गाळाच्या पट्ट्याचा अडथळा असे. खोल बुडणाऱ्या बोटी बाहेर समुद्रातच उभ्या राहत, आणि रोग्यांना लहान बोटींतून आणून उचलून वर घ्यावे लागे. पाय मोडलेल्या माणसाला हलत्या पाण्यावर एका बोटीतून दुसऱ्या बोटीत नेणे म्हणजे काय, याची कल्पना आपण घरबसल्या करू शकत नाही.

या सगळ्या सोसलेल्या माणसांना आई-बापांच्या किनाऱ्याला आणून सोडणाऱ्या बोटींत ‘लॉयल्टी’ एक होती. मुंबईत अलेक्झांड्रा गोदी १९१४ मध्येच खुली झाली होती. शहरात जागोजागी युद्धइस्पितळे उघडली होती. आज आपण छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून जी घुमटाची इमारत पाहायला जातो, तीही त्या वर्षांत इस्पितळच होती.

मुंबईचे व्यापारी आणि शिंद्यांचे नाव

नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबले. अठ्ठावीस वर्षांची म्हातारी बोट दरबाराला आता नको होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि मुंबईचे नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास यांनी ती घेतली आणि मार्च १९१९ मध्ये कंपनी स्थापन केली. बोट शिंद्यांकडून आली, म्हणून कंपनीचे नाव ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’. कंपनी शिंदे घराण्याची होती हा समज आपल्याकडे फार पक्का आहे, पण तो बरोबर नाही. नाव त्यांचे, धंदा या मंडळींचा.

ही पहिलीच हिंदी बोट कंपनी, हेही खरे नाही. टाटांनी १८९० च्या दशकात आपली ‘टाटा लाइन’ चालवून पाहिली होती, आणि तुतिकोरिनला चिदंबरम पिळ्ळे यांनी १९०६ मध्ये स्वदेशी कंपनी काढली होती. दोन्ही प्रयत्न इंग्रज कंपन्यांच्या भाडेकपातीपुढे टिकले नाहीत. सिंदिया टिकली, म्हणून ५ एप्रिल तिच्या वाट्याला आला. टिकण्याचीही किंमत द्यावी लागली: १९२३ मध्ये ब्रिटिश इंडिया कंपनीशी करार करून आपल्या वाढीवर मर्यादा मान्य कराव्या लागल्या. पुढे याच कंपनीने विशाखापट्टणमला गोदी उभारली, आणि १४ मार्च १९४८ रोजी तिथे बांधलेली ‘जलउषा’ पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

‘लॉयल्टी’ला हे दिवस दिसले नाहीत. जुनी यंत्रे, कोळशाचा भरमसाट खर्च आणि परतीच्या मालाची ओढाताण यांत ती व्यापारी बोट म्हणून फार चालली नाही. १९२३ मध्ये मुंबईतच ती भंगारात मोडली गेली.

ग्वाल्हेर संस्थानाच्या पायदळात किंवा मराठा पलटणीत त्या युद्धात गेलेल्या कोणाची नोकरीची कागदपत्रे, पदक किंवा बसऱ्याहून आलेले पत्र आपल्या घरी असेल, तर त्याचा फोटो मंडळाकडे जरूर द्यावा. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. ती अक्षरे वाचता येतील असा वेगळा फोटो काढावा.