गर्भावस्थेतील मद्यपान : सवयीमागची मानसिक कारणे

गर्भवती स्त्रीने घेतलेले मद्य वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि ते पचवण्याइतके गर्भाचे यकृत सक्षम नसते. फ्रान्समधील नान्त येथील डॉ. पॉल लेम्वान यांनी १९६८ मध्ये, तर अमेरिकेतील केनेथ जोन्स व डेव्हिड स्मिथ यांनी १९७३ मध्ये मद्यपी मातांच्या बाळांमधील समान दोषांची नोंद केली. चेहऱ्याची विशिष्ट ठेवण, खुंटलेली वाढ व मेंदूची कायमची हानी ही त्याची लक्षणे. तरीही २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार दहापैकी सुमारे एक स्त्री गर्भावस्थेत मद्य घेते. केवळ अज्ञानाकडे बोट दाखवून याचा उलगडा होत नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केप प्रांतातील द्राक्षमळ्यांत मजुरीचा काही भाग दारूच्या रूपाने देण्याची 'डॉप' पद्धत वसाहतकाळापासून होती. कायद्याने बंदी आल्यानंतरही ती विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत रेंगाळली. मजुरीतली दारू गेली. आठवड्याच्या शेवटी जोडीदार व शेजाऱ्यांसह भरपूर पिण्याची रीत मात्र उरली. दारिद्र्याने गांजलेल्या वस्तीत तोच एक विरंगुळा असेल, तर तो नाकारणे म्हणजे आपल्या माणसांपासून तुटणे होय. या भागातील काही गावांत पहिलीच्या वर्गातील शंभरातील दहाहून अधिक मुलांत गर्भकालीन मद्याचे दुष्परिणाम आढळले आहेत.

नैराश्य, चिंता, बालपणीचे अत्याचार आणि जोडीदाराची मारहाण हे घटक जगभर वारंवार दिसतात. मद्य काही तास वेदना बोथट करते, नंतर झोप व मनःस्थिती आणखी बिघडवते आणि पुन्हा प्याल्याकडे नेते. अनियोजित गर्भधारणेत दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच मद्य घेतले गेलेले असते. त्यातून येणारी अपराधी भावना काहींना सावरते, तर काहींना डॉक्टरांपासून सत्य लपवण्यास भाग पाडते. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनीही घेतली होती, त्यांची मुले धडधाकट आहेत, हा युक्तिवाद तर सर्वत्र ऐकू येतो.

भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षांवरील स्त्रियांत मद्य घेणाऱ्या १.३ टक्के आहेत. अरुणाचल प्रदेशात मात्र हे प्रमाण सुमारे २४ टक्के आहे. तांदळाची घरगुती बिअर जेथे सण व पाहुणचाराचा भाग आहे, तेथे तिला 'व्यसन' म्हटले जात नाही. उलट जेथे स्त्रीने पिणेच लज्जास्पद, तेथे ती कबुलीच देत नाही.

म्हणूनच प्रश्न कसा विचारला जातो, याला महत्त्व आहे. 'टी-एस' या चार प्रश्नांच्या चाचणीत किती पिता, असे थेट विचारत नाहीत. किती प्याल्यांनंतर नशा जाणवते, असे विचारतात. या प्रश्नाला उत्तर देताना लपवाछपवी कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये प्रत्येक गर्भवतीला प्रत्येक तपासणीत मद्याविषयी विचारण्याची शिफारस केली. दारूवर शारीरिकदृष्ट्या अवलंबून असलेल्या स्त्रीने ती एकाएकी सोडल्यास झटके येण्याचा धोका असतो. तिचे मद्य वैद्यकीय देखरेखीखालीच सोडवावे लागते.