चार इंची चाकू आणि माझी एक बातमी

दोन वर्षांपूर्वी मी चार ओळींची एक बातमी दिली होती. ‘धारदार शस्त्रासह दोघे ताब्यात.’ प्रेसनोट आली, जशीच्या तशी लावली. शस्त्र म्हणजे कोयता होता. पण हेडिंगमध्ये मी कोयता म्हटलं नाही, पातं किती लांब होतं हेही कुणाला विचारलं नाही. असल्या बातम्या आम्ही गावोगावचे वार्ताहर महिन्याला दोन-चार तरी देतो.

तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या अव्वांनी मला दारातच अडवलं. “नातवानं वाचून दाखवली की रे तुझी बातमी. ह्यांचा चाकू होता सुपारीच्या डब्यात. टाकला बघ विहिरीत. या वयात पोलीस नकोत दाराला.”

किती मोठा होता, विचारलं. त्यांनी आपलं मधलं बोट दाखवलं. पितळी कडांचा, मिटणारा, शिंगाच्या मुठीचा. त्यांचे मालक शेतकरी. हुरड्याच्या दिवसात, बैलाची दावण कापायला, आंबा चिरायला तोच चाकू. चाळीस वर्षं कनवटीला होता म्हणे.

मला बोलता येईना. कारण गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, जुने चाकू गोळा करणारा येडा माणूस मीच. माझ्याकडं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तेवीस आहेत. आठवडी बाजारात, भंगाराच्या ढिगात, कुणाच्या तरी आजोबांच्या ट्रंकेत सापडलेले. भंगारवाला दर वेळी विचारतो, “पत्रकार, ह्याचं काय लोणचं घालताय का ओ? किलोत जातंय हे.”

त्यातला पहिला माझ्या आजोबांचा. ते दुधनीला एका अडत दुकानात दिवाणजी होते. खतावणी, रोजकीर्द सगळं मोडीत, आणि लिहायचं बोरूनं. बोरू चार पानं लिहिली की झिजतो. मग टोक तिरकं तासायचं, मधोमध बारीक चीर द्यायची. त्याला विळा चालत नाही, सुरी चालत नाही, पातळ पात्याचा छोटा चाकूच लागतो. इंग्रजीत खिशातल्या चाकूला आजही ‘पेनाचा चाकू’ म्हणतात ते याचमुळं. तिकडं पिसाची लेखणी तासायचे, इकडं बोरू. फारसीत तर नावच कलमतराश. म्हणजे आज आपण ज्याला हत्यार म्हणून घाबरतोय, ते मुळात कारकुनाचं टेबलावरचं सामान होतं. आजोबांच्या चाकूचं मोठं पातं धार लावून लावून निम्मं उरलंय. किती वह्या लिहून झाल्या असतील त्याचा तोच हिशेब.

पात्याच्या बुडाशी भिंग धरलं तर इंग्रजी अक्षरं दिसतात: जोसेफ रॉजर्स अँड सन्स, कटलर्स टू हिज मॅजेस्टी. शेजारी एक चांदणी आणि एक क्रूस. हे शेफील्डचं घराणं. चांदणी-क्रूसाची खूण त्यांना 1764 साली मिळाली. इंग्रजांच्या काळात हा माल जगभर जायचा, हिंदुस्थानात तर पोत्यानं आला. आता गंमत बघा. ‘हिज मॅजेस्टी’ म्हणजे गादीवर राजा आहे, राणी नाही. व्हिक्टोरिया राणी 1901 ला गेली, त्यामुळं हा चाकू त्यानंतरचा धरायचा. पोलाद साधं, काळं पडणारं. न गंजणारं पोलाद त्याच शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीनं 1913 ला काढलं आणि चाकूत यायला त्याला आणखी काही वर्षं गेली. जुन्या चाकूचं वय असंच काढायचं असतं. दुकानदाराच्या ‘शिवकालीन आहे साहेब’वर जायचं नसतं.

नकलाही भरपूर होत्या. स्वस्त जर्मन पात्यांवर शेफील्डची नावं ठोकून माल खपवायचे. त्यावरून ओरड झाली, इंग्लंडनं 1887 ला मालावरच्या खुणांचा कायदा केला आणि दोन वर्षांत तो हिंदुस्थानातही आला. आज आपण डुप्लिकेट मालाच्या बातम्या करतो, त्याची आजी ही.

मुठीकडं बघितलं की मात्र मला जरा चुटपुट लागते. साबरशिंग. शेफील्डच्या कारखान्यांना मुठीसाठी लागणारं साबराचं शिंग आपल्याच देशातून जहाजानं जायचं. आपल्या जंगलातलं शिंग तिकडं गेलं, पातं जडून परत आलं आणि आपल्याच दिवाणजीला विकलं गेलं. कापसाचं आणि कापडाचं झालं तेच. (साबरशिंग किंवा हस्तिदंत असलेली वस्तू कुणी विकायला काढली तर आधी 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा बघा. तिथं खरंच अडचण येते.)

नुसत्या विलायती मालाचं कौतुक करतोय असं समजू नका. डब्यातले नऊ चाकू इथल्याच घिसाड्यांच्या हातचे आहेत. खूण नाही, नाव नाही. जुन्या कानशीचं किंवा गाडीच्या पाट्याचं पोलाद, शिंगाची नाहीतर लाकडाची मूठ, खिळ्यावर फिरणारं पातं. एकावर कानशीचे दाते अजून दिसतात. अडकित्तेही त्यांनीच घडवलेले. हा अडकित्ता शब्द आम्हा सीमेवरच्यांना फोडून सांगावा लागत नाही. कानडीत अडके म्हणजे सुपारी, ती कातरणारी ती अडकत्तरी. आमच्याकडं एकाच घरात सासू अडकत्तरी म्हणते आणि सून अडकित्ता. घिसाडी समाज भटक्या जमातींच्या यादीत आहे. त्यांची पालं पडली की आम्ही बातमी देतो ती अतिक्रमणाची. त्यांच्या हातचं पोलाद किती पिढ्या टिकलं याची बातमी मी तरी कधी दिलेली नाही.

आमच्या तालुक्याला शस्त्रांचं वावडं नाही. अक्कलकोटला नव्या राजवाड्यात शस्त्रागार आहे. संस्थानाचं वैभव बघायला लांबून लोक येतात, आणि यावंच. पण तिथं राजाचं आहे. दिवाणजीचं, शेतकऱ्याचं, पान खाणाऱ्या म्हातारीचं कुठं बघायचं? त्यासाठी पुण्याला जावं लागतं. दिनकर केळकर हा माणूस चष्म्याचं दुकान चालवायचा, अज्ञातवासी नावानं कविता लिहायचा. 1920 च्या सुमारास त्यानं जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. दिवे, दौती, वज्री, फण्या, अडकित्ते. लोक ज्याला अडगळ म्हणत होते तेच. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं संग्रहालय केलं आणि 1975 ला सगळं महाराष्ट्र शासनाला देऊन टाकलं. वीस हजारांच्या आसपास वस्तू. तिथल्या अडकित्त्यांसमोर मी तासभर उभा होतो. सुपारी फोडायच्या हत्यारावर कुणीतरी एवढी कलाकुसर करावी!

आता कायद्याचं सांगतो, कारण ते मी दोन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. 1959 च्या शस्त्र कायद्यात केवळ घरकामाच्या आणि शेतीच्या वस्तू शस्त्र धरलेल्या नाहीत. 2016 च्या नियमांत चाकूचं माप दिलंय: पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर परवान्याचा प्रश्न येतो, आणि तिथंही घरगुती, शेतीच्या, कारखान्याच्या हत्यारांना सूट आहे. अव्वांचा चाकू उघडला तरी चार इंच भरला नसता. एक मात्र ध्यानात ठेवा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली जमावबंदी-शस्त्रबंदीचा आदेश निघतो, साधारण पंधरा दिवसांचा. त्या काळात चाकू घेऊन सार्वजनिक ठिकाणी फिरायचं नाही, मग तो आजोबांचा असो नाहीतर पणजोबांचा. घरातल्या सुपारीच्या डब्याशी त्याचा संबंध नाही.

उलट 1972 चा पुरावशेष कायदा वेगळंच सांगतो. ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरावशेष ठरू शकते, आणि तसल्या कागदपत्रांना पंच्याहत्तर वर्षं पुरतात. म्हणजे आजोबांचा चाकू त्या उंबऱ्यावर उभा आहे आणि त्यांच्या मोडी वह्या कधीच उंबरा ओलांडून गेल्या असत्या. ‘असत्या’ म्हणतोय, कारण वह्या आम्हीच रद्दीत घातल्या. मी तेव्हा कॉलेजात होतो. पोती उचलून मीच दिली.

नगरपरिषदेत मी एका काचेच्या कपाटासाठी अर्ज दिलाय. वाचनालयाच्या कोपऱ्यात बसेल एवढंच कपाट. तोवर वही केलीय. कुणाकडं जुना चाकू, अडकित्ता, दौत असेल तर मी घरी येतो, फोटो काढतो, फूटपट्टीनं मोजतो, कुणाचं होतं ते लिहून घेतो. वस्तू तुमच्याकडंच राहील. फक्त चिंच-राखेनं घासून चकाचक करू नका, अक्षरं जातात. थोडं खोबरेल पुसा, झालं.

आणि धारदार शस्त्राची बातमी देताना आता मी फोन करून पात्याची लांबी विचारतो. पलीकडून हसतात. हसू देत.

या मे महिन्यात गल्लीतल्या विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून मी दोन दिवस काठावर बसलो. अव्वा खुर्ची टाकून बघत होत्या. बादलीची कडी निघाली, सायकलची चेन निघाली, दोन विळे निघाले. चाकू नाही निघाला. विळे घिसाड्याला दिले.