फाइल ठेवली की पान झालं

मी वेबसाइटी करायला लागलो ते पीएचपीच्या जमान्यात. सर्व्हरवर फाइल चढवली की तिचं नाव हाच पत्ता. पानं जोडायला टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये घडवलेला अँकर टॅग पुरे.

२०१०मध्ये बॅकबोन ही जावास्क्रिप्ट लायब्ररी आली आणि पानं ब्राउझरमध्येच बदलू लागली. पत्त्यात '#' शिरला, शिवाय कुठल्या पत्त्यावर काय दिसायचं याची यादी आम्ही हाताने लिहायचो. प्रकल्प वाढला की ती मारुतीच्या शेपटासारखी लांबायची.

ऑक्टोबर २०१६मध्ये झाइट कंपनीने, म्हणजे आजच्या व्हर्सेलने, नेक्स्ट.जेएस आणलं. 'पेजेस' फोल्डरमध्ये फाइल ठेवा, रिअ‍ॅक्ट कंपोनंट एक्स्पोर्ट करा, पत्ता तयार! यादी गेली. 'लिंक' कंपोनंटमुळे क्लिक केल्यावर अख्खं पान नव्याने मागवावं लागेना. मात्र त्याच्या पोटात अँकर टॅग आपणच लिहायचा. ही कटकट ऑक्टोबर २०२२च्या तेराव्या आवृत्तीत मिटली. त्याच आवृत्तीत 'अ‍ॅप' फोल्डर आला: आता पत्ता फोल्डरच्या नावावरून ठरतो, आत 'पेज' नावाची फाइल लागते.

नव्या पोरांना मी तरीही आधी साधा अँकर टॅगच शिकवतो. 'लिंक' शेवटी ब्राउझरच्या हाती तोच देतं.