अडलेला दांडा आणि दीडशे वर्षांचा हिशेब

आजचा भाग माझ्याच फजितीपासून सुरू करतो.

चंद्रपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. घर गडचिरोलीकडचं, धानाचं. रोवणीच्या दिवसांत वाकून वाकून आईची कंबर धरायची, म्हणून प्रोजेक्ट घेतला हाताने चालणाऱ्या रोवणी यंत्राचा. पऱ्हे उचलून चिखलात खोचणारा त्याचा हात म्हणजे चार दांड्यांची साखळी. कॅडमध्ये चारही दांडे जोडले, हँडल ओढलं, आणि सगळं जागच्या जागी! स्क्रीनवर लाल खुणा. वर्गणी काढून आणलेल्या लोखंडी पट्ट्या दुसऱ्या दिवशी कापायच्या होत्या.

चूक शोधताना कळलं, हा घोळ कॉम्प्युटरपेक्षा जुना आहे.

१८७५ साली फ्रांझ रूलो या जर्मन इंजिनिअरचं यंत्रांच्या हालचालीवरचं मोठं पुस्तक आलं. त्यातला विचार असा, की यंत्र बनवणं म्हणजे नको त्या हालचाली काढून घेणं. सुट्या वस्तूला सहा हालचाली असतात: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. आता आजीचं जातं आठवा. मधल्या खुंटीमुळे वरच्या दगडाला दोनच उरतात, गोल फिरणं आणि वर उचललं जाणं. उचललं जाणं थांबवतं त्याचं वजन. कॅडच्या साध्या असेंब्लीत मात्र वजन धरत नाहीत. नुसता अक्ष जुळवला तर दगड अलगद वर निघून जातो. म्हणून आपण पृष्ठभाग टेकवायचं आणखी एक बंधन, म्हणजे कन्स्ट्रेंट, घालतो.

या बंधनांचा हिशेब मार्टिन ग्रूब्लरच्या नावाने ओळखला जातो. कागदावर बघा: एक दांडा पक्का, तीन हलते. तीन त्रिक नऊ. चार जोड प्रत्येकी दोन हालचाली काढतात, आठ गेल्या. उरली एक. हँडल फिरायला तेवढीच हवी. पण कॅड त्रिमितीत मोजतं: तीन सक अठरा, आणि चार जोड प्रत्येकी पाच काढतात, म्हणजे वीस. उणे दोन! तरी खरी साखळी फिरते, कारण चारही अक्ष समांतर असले आणि जाड्या जुळल्या, की काही बंधनं तीच गोष्ट पुन्हा सांगतात. जुळलं नाही, की तीच एकमेकांशी भांडतात.

१९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँडने स्केचपॅड हा प्रोग्राम मांडला. प्रकाश-पेनाने पडद्यावर रेघ काढायची, अट घालायची, जुळवणी कॉम्प्युटर करणार. त्यात त्याने दांड्यांच्या साखळ्या हलवूनही पाहिल्या. आपल्या लाल खुणांचं घराणं तिथूनच सुरू होतं.

मग मी एकेक बंधन तात्पुरतं बंद करत गेलो. शेवटच्या जोडाचं टेकवायचं बंधन काढलं आणि हात सरसर फिरला! मी फाइल सेव्ह करणार, तेवढ्यात रूममेट म्हणाला, "अबे, पण ते बंधन भांडत कोणाशी होतं?"

मोजलं. एका जोडात मी दोन मिलिमीटरचा वॉशर घातला होता, समोरच्या जोडात विसरलो होतो. तसंच कापलं असतं तर स्क्रीनवर फिरलेला हात लोखंडात वाकडा बसून अडला असता.

वॉशर घातला, बंधन परत लावलं. फिरला.

तर मंडळी, लाल खूण दिसली की लगेच डिलीट करू नका. आधी विचारा, ही भांडतेय कोणाशी? भेटू पुढच्या भागात.